शाखांमधील जुने सर्व्हर जसेच्या तसे व्हर्च्युअल मशीनमध्ये न्यावेत का?

मुख्यकार्यालय_संगणक:
आमच्या पतसंस्थेच्या अकरा शाखा असून प्रत्येक शाखेत एक सर्व्हर आहे. त्यांपैकी सातांवर विंडोज सर्व्हर 2008 आर2 चालते, ज्याची नियमित सुरक्षा दुरुस्ती 14 जानेवारी 2020 रोजीच थांबली. रोजकीर्द, पिग्मी आणि कर्जखाती सांभाळणारी प्रणाली फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली आहे. ती लिहून देणाऱ्याने व्यवसाय बंद केल्याला बरीच वर्षे झाली असून ती नव्याने कशी बसवायची, हे आज संस्थेत कोणालाही ठाऊक नाही. दरम्यान यंत्रे थकली आहेत आणि त्यांचे पॉवर सप्लाय आता जुन्या बाजारातही मिळत नाहीत. म्हणून अकराही सर्व्हरची डिस्क जशीच्या तशी उतरवून घ्यावी आणि मुख्य कार्यालयातील एकाच नव्या यंत्रावर (होस्टवर) अकरा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, चालवावीत, असे माझे ठाम मत आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर ही व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी ताब्यात घेतल्यावर कायमस्वरूपी परवाने विकणे बंद झाले आणि वार्षिक वर्गणी आमच्या आवाक्याबाहेर गेली, त्यामुळे होस्टसाठी प्रॉक्समॉक्स हे त्याच कामाचे दुसरे सॉफ्टवेअर घ्यावे असा विचार आहे.

नव्याने_बांधा:
मी या प्रस्तावाच्या विरोधात आहे. यंत्र बदलले तरी आतला आजार तोच राहतो. दुरुस्ती न मिळणारी प्रणाली आज एका शाखेच्या कपाटात आहे. उद्या अशा सात प्रणाली एकाच होस्टवर, एकाच नेटवर्कात शेजारी शेजारी बसतील आणि एकीला रॅन्समवेअर लागले तर बाकीच्यांपर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागणार नाही. शिवाय सर्व्हरसोबत आलेला ओईएम परवाना त्या यंत्रापुरताच असतो, तो व्हर्च्युअल मशीनमध्ये नेता येत नाही. हा खर्च आपल्या अंदाजात धरलेला दिसत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, यांपैकी एखादा सर्व्हर डोमेन कंट्रोलर (वापरकर्त्यांची लॉगिन खाती सांभाळणारा सर्व्हर) असेल, तर त्याची प्रत मुळीच काढू नये. जुनी प्रत पुन्हा जिवंत झाली, की बाकीच्या कंट्रोलरशी तिचा हिशेब जुळत नाही आणि लॉगिन खात्यांतील बदल गुपचूप हरवतात. तिथे नवा कंट्रोलर उभारून जुना रीतसर निवृत्त करणे हाच मार्ग आहे.

मुख्यकार्यालय_संगणक:
परवान्याचा मुद्दा मान्य आहे आणि तो खर्च मी धरेन. डोमेन कंट्रोलर फक्त मुख्य कार्यालयात आहे, तो मी नव्यानेच उभारेन. परंतु शाखांच्या बाबतीत ‘नव्याने बांधा’ म्हणणे सोपे आहे. ज्या प्रणालीची इन्स्टॉलेशन सीडी नाही, जिचा परवाना तपासणारा डाँगल सर्व्हरच्या मागच्या यूएसबीत अडकवलेला आहे आणि जिच्या सेटिंग्ज कोणीही लिहून ठेवलेल्या नाहीत, ती नव्याने बांधणार कशी? नवी प्रणाली घेऊन खाती तिच्यात नेईपर्यंत किमान एक वर्ष जाईल. ते वर्ष जुन्या पॉवर सप्लायच्या भरवशावर काढायचे का?

काउंटरच्या_बाजूने:
मी शाखेत काम केले आहे, म्हणून मधला मुद्दा मांडतो. रूपांतर अवश्य करा, पण सर्व्हर शाखेबाहेर नेऊ नका. फॉक्सप्रोत डेटाबेस म्हणजे सामायिक फोल्डरमधील फायली असतात. त्या वाचण्याचे आणि लिहिण्याचे काम काउंटरवरचा संगणक स्वतः नेटवर्कवरून करतो, सर्व्हर त्या फक्त सांभाळतो. शाखेतल्या शाखेत हे चालते. मुख्य कार्यालयापर्यंतच्या लाइनवरून मात्र काम रेंगाळते आणि नोंद होत असताना लाइन तुटली की इंडेक्स (नोंदी शोधण्याची सूची) बिघडतो. मुख्य कार्यालयातच सर्व्हर हवा असेल, तर काउंटरने रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुरून तिथल्या यंत्राचाच पडदा वापरून, आत जाऊन काम करावे. पण मग लाइन गेली की शाखा बंद, हे संचालक मंडळाला आधी सांगा.

चालू सर्व्हरची प्रतही काढू नका. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरला प्रत काढताना क्षणभर थांबून सुसंगत राहण्याची सोय आहे, फॉक्सप्रोच्या फायलींना नाही. रविवारी यंत्र बंद करून क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या सॉफ्टवेअरने डिस्क उतरवा आणि डिस्क गाडीतून आणा. 300 जीबी 20 एमबीपीएसच्या लाइनवरून पाठवायला तेहतीस तासांहून अधिक वेळ लागेल, तोवर सोमवार संपलेला असेल.

नव्याने_बांधा:
आणि रूपांतरानंतर जुन्या यंत्राचे काय करणार, हेही लिहा. एका संस्थेत मी घडलेले पाहिले आहे. रूपांतर व्यवस्थित झाले, पण जुना सर्व्हर ‘असू द्या, कामाला येईल’ म्हणून वायरींसकट कोपऱ्यात ठेवला. दहा दिवसांनी रात्री वीज गेली, यूपीएस संपला आणि पहाटे वीज आली. जुन्या यंत्राच्या बायोसमध्ये वीज येताच आपोआप सुरू होण्याची सेटिंग होती. नवा होस्ट उठून त्यावरची व्हर्च्युअल मशीन उभी राहीपर्यंत जुन्याने तोच आयपी पत्ता (नेटवर्कवरील ओळख) घेऊन टाकला होता, त्यामुळे काउंटरचे संगणक त्यालाच जोडले गेले. सकाळी काउंटर उघडले, पावत्या फाटू लागल्या आणि दुपारी एका खातेदाराने पासबुक पुढे करून विचारले, की माझी मागच्या आठवड्यातली भरणा नोंद कुठे आहे. अर्ध्या दिवसाच्या नोंदी दहा दिवस जुन्या खात्यांवर चढल्या होत्या. त्या हाताने शोधून पुन्हा भरायला दोन रात्री लागल्या.

मुख्यकार्यालय_संगणक:
हा धोका माझ्या ध्यानात आला नव्हता, मनापासून आभार. आराखडा मी असा बदलतो आहे: प्रत्येक शाखेत लहान होस्ट राहील, मुख्य कार्यालयात फक्त त्याचा रात्रीचा बॅकअप येईल आणि जुन्या यंत्राची नेटवर्क व वीज या दोन्ही वायरी त्याच रविवारी काढून शाखाधिकाऱ्याची सही घेतली जाईल. फॉक्सप्रोच्या मशीनना इंटरनेट अजिबात मिळणार नाही. मात्र जसेच्या तसे रूपांतर करण्याचा निर्णय मी बदलत नाही. नव्या प्रणालीसाठी निविदा काढण्याचा ठराव त्याच सभेत ठेवेन, म्हणजे हे वर्ष खरोखर एकाच वर्षाचे राहील.

नव्याने_बांधा:
ठरावात जुनी मशीन बंद करण्याची तारीखही घाला. ती असेल तर माझा विरोध नाही.