राजीनामा वेळेवर द्यावा की पुरावा समोर येईपर्यंत थांबावं?

बालाघाट (बीड):
मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून ९ डिसेंबर २०२४ ला झाला. बीडचे मंत्री धनंजय मुंडे यांच्या जवळच्या माणसाचं नाव त्यात आलं. राजीनामा यायला ४ मार्च २०२५ उजाडलं, तेही आरोपपत्रातले खुनाचे फोटो आदल्या दिवशी घराघरातल्या मोबाईलवर फिरल्यावर. निवेदनात सदसद्विवेकबुद्धी होती, जोडीला प्रकृतीचं कारणही होतं. मला एवढंच म्हणायचंय की राजीनाम्याची वेळ तपास सुरू होतानाची असते. फोटो बघून दिलेल्या राजीनाम्याला नैतिक कसं म्हणायचं?

मांजराकाठ (लातूर):
भाऊ, ते स्वतः आरोपी नाहीत हे आधी लिहा. उद्या कुणाचाही कार्यकर्ता काहीही करील, दरवेळी मंत्री घरी पाठवायचा का? २००८ आठवा. मुंबई हल्ल्यानंतर ३० नोव्हेंबरला शिवराज पाटील चाकूरकर साहेबांनी केंद्राचं गृहमंत्रिपद सोडलं, पाठोपाठ मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले. एका जिल्ह्याची दोन मोठी पदं आठवडाभरात गेली. चर्चा कशाची, तर एकानं कपडे किती वेळा बदलले आणि दुसऱ्यानं ताजमध्ये सोबत कुणाला नेलं! किनाऱ्यावरून दहा जण आत आले कसे, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

बालाघाट:
आणि पुढं? विलासराव २००९ ला केंद्रात मंत्री, चाकूरकर २०१० ला पंजाबचे राज्यपाल. कुणाचं काय वाकडं झालं? मग राजीनाम्याला इतकं घाबरायचं काहून?

गोदाकाठ (नांदेड):
लै सोपं बोलताय राव. नुकसान नेत्याचं होत नाही, भागाचं होतं. शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव, अशोकराव चव्हाण असे मराठवाड्याचे चार मुख्यमंत्री झाले. पहिले आणि तिसरे दोन-दोनदा. सलग पाच वर्षं एकालाही मिळाली नाहीत. निलंगेकर तर जून १९८५ ला आले आणि मुलीच्या एमडी परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात मार्च १९८६ ला गेले. मराठवाड्याच्या विकासाच्या अनुशेषाची फाईल कोण पुढं रेटणार?

जुनाऔरंगाबादकर:
पाच वर्षांचं रडगाणं मराठवाड्यापुरतं नको. महाराष्ट्रात सलग पाच वर्षं टिकलेले दोनच, वसंतराव नाईक आणि २०१४ चे फडणवीस. बाकी सगळे मधेच गेले, पश्चिम महाराष्ट्रातलेसुद्धा. आणि अशोकरावांना २०१० मध्ये आदर्श सोसायटी घोटाळ्याच्या प्रकरणी जावं लागलं, ते काय नांदेडचे म्हणून?

गोदाकाठ:
तसं मी म्हटलेलंच नाही. उगीच तोंडात शब्द घालू नका.

कयाधू (हिंगोली):
आमच्याकडं दुसरीच गंमत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी आमचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांनी आंदोलकांसमोर राजीनामा लिहून दिला. टाळ्या पडल्या, व्हिडिओ फिरला. खासदारकी मात्र मुदतीपर्यंत राहिलीच. गावातल्या सरपंचाचा राजीनामा पंचायत समितीच्या सभापतीकडं जातो, मग सही खरी का, दबावाखाली का, हे तपासतात. तेवढी तरी चौकशी मोठ्यांच्या कागदाची लोकांनी करावी.

मांजराकाठ:
मूळ मुद्द्यावर या. बीडच्या मंत्र्यांचं खातं अन्न व नागरी पुरवठ्याचं. तपास गृहखात्याकडं, पुढं सीआयडीकडं. खुर्चीवर राहून दबाव आणणार कसा, ते सांगा.

बालाघाट:
बीडला राहिलात का कधी? ठाण्यात गेलं की खातं कुणी विचारत नाही. भिंतीवर फोटो कुणाचा, हवालदाराला फोन कुणाचा येतो, त्यावर फिर्याद लिहायची का माणसाला बाकड्यावर बसवून ठेवायचं ते ठरतं. पक्षालाही हे कळत होतं, म्हणूनच जानेवारीत बीडचं पालकमंत्रीपद अजितदादांनी स्वतःकडं घेतलं. जिल्हा मुंडेंच्या हातात ठेवायचा नाही आणि मंत्रिपद ठेवायचं, ही दीड महिन्याची कसरत कशासाठी होती?

मांजराकाठ:
पालकमंत्रीपद न देणं पुरेसं होतं, हेच तर मी म्हणतोय. खटला चालू आहे, निकाल कोर्ट देईल.

बालाघाट:
कोर्ट निकाल आरोपींचा देईल. मंत्र्यानं ते तीन महिने खुर्चीत बसावं का, हा प्रश्न कोर्टापुढं नाहीच. तो तुम्हाला विचारलाय.