सायकलचं पंक्चर: उपाय आणि आठवणी

चारू_नौपाडा
काल लेकीच्या सायकलच्या टायरमधून पकडीने तार उपसली, केसाएवढी बारीक. बाबा आठवले. ते नौपाड्याहून वागळे इस्टेटला सायकलने कामाला जायचे. तिथे कारखान्यांबाहेर लेथ मशीनवरचा लोखंडाचा चुरा पडलेला असायचा. त्यामुळे टायर आणि ट्यूबच्या मधे ते जुन्या ट्यूबची उभी कापलेली पट्टी घालत. सायकल जड चालायची, पण सायकल ढकलत घरी आलेले आठवत नाहीत. संध्याकाळी सायकल उलटी करून चाक हळूहळू फिरवत बसायचे आणि रुतलेलं काही दिसलं की आईच्या सेफ्टी पिनने काढायचे. पिन परत जागेवर जायची नाही, त्यावरून रोज भांडण. तुमचे अनुभव लिहा.

पामबीच_पहाटे
ट्रकच्या टायरची तार ती. रेडियल टायरात स्टीलची जाळी असते, टायर फुटला की तुकडे रस्त्याच्या कडेला साचतात. उरणच्या बाजूला कंटेनरांमुळे तर विचारू नका. मी सगळ्यांना सांगतो कडेच्या कचऱ्यातून चालवू नका, तर म्हणतात मधून गेलो की ट्रक आम्हालाच पंक्चर करेल 😀

मृण्मयी२
सेफ्टी पिन 😂 आमच्याकडे केसांच्या पिना

खारघर_सेक्टरवाली
काटा नाही, काच नाही, तरी मुलाची ट्यूब सारखी जायची. दुकानातल्या दादांनी शेजारी शेजारी दोन भोकं दाखवली. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते म्हणे. टायरच्या कडेला पीएसआय (हवेच्या दाबाचा आकडा) लिहिलेलं असतं, तेवढी हवा ठेवा. आता बरंय. (खड्डे आहेत तसेच आहेत.)

येऊर_रविवार
पावसात जास्त होतं, ओल्या रबरात काच पटकन शिरते. मी ट्यूबलेस केलंय, आत सीलंट (भोक बुजवणारा द्रव). बारीक भोक आपोआप बुजतं, पण सीलंट वाळतं, काही महिन्यांनी परत ओतावं लागतं. आणि पॅच मारायच्या आधी टायरमधून आतून कापूस फिरवा. जिथे अडकेल तिथे काटा. तो आत राहिला तर नवी ट्यूबही गेलीच समजा.

मृण्मयी२
येऊरला झुणका भाकर कुठे चांगली मिळते हो?

येऊर_रविवार
विपु (विचारपूस) करतो तुमच्या पानावर 😀

जुना_ठाणेकर
साध्या सायकलवाल्यांनो, आधी वालट्यूब (वॉल्व्हवरची बारीक रबरी नळी) बघा! ती सडली तरी हवा जाते आणि लोक उगाच ट्यूब सोलत बसतात. वॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावायची, बुडबुडा आला की चोर सापडला. बाकी हवेच्या टायरसाठी डनलॉपचं नाव घेतात, त्याने १८८८ मध्ये बेलफास्टला मुलाच्या तीनचाकीसाठी केला. पण रॉबर्ट थॉमसनचं पेटंट १८४५ चं. पुढे त्यावरूनच डनलॉपचं पेटंट रद्द झालं.

चारू_नौपाडा
थुंकी!! बाबांचीही तीच पद्धत. काका, बाबांचा उभा पंप आहे अजून, पण दांडा नुसताच खालीवर होतो, हवा जात नाही.

जुना_ठाणेकर
आतला चामड्याचा वायसर सुकला असेल. काढून खोबरेल तेलात भिजव रात्रभर. नाहीच जमलं तर रविवारी घेऊन ये, अकराच्या आत. नंतर मी झोपतो.

मृण्मयी२
अकराला?? 😳