मदत हवी आहे : वकिलीची सनद घेतल्यावर जिल्हा न्यायालय की हायकोर्टाचं खंडपीठ?

नमस्कार मंडळी. नागपुरात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जेएमएफसी (कनिष्ठ न्यायाधीशपदाची परीक्षा) द्यायचं पक्कं आहे. पण 20 मे 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली, त्यामुळे पास झाल्याबरोबर फॉर्म भरायचा बेत बारगळला. अनुभव बार कौन्सिलमधल्या तात्पुरत्या नोंदणीपासून धरला जाणार, एवढाच दिलासा.

आता ज्युनिअरशिप कुठे करावी? घरचे म्हणतात हायकोर्टाच्या खंडपीठात जा, नाव होतं. मला मात्र जिल्हा न्यायालय बरं वाटतं. इंटर्नशिपमध्ये सिनियर सरांनी वकीलपत्र, पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) लिहायला लावली, उलटतपासणीला मागे बसवलं. साक्षीदार "आठवत नाही" म्हणाला की सर शांतपणे त्याचाच पोलिसांपुढचा जबाब त्याच्यासमोर धरायचे. खंडपीठात बहुतेक रिट आणि अपिलं, साक्षीपुरावा क्वचितच. न्यायाधीश व्हायचं तर हेच शिकायला नको का?

अडचण पैशाची. सुरुवातीला ज्युनिअरला पेट्रोलपुरतं सुटलं तरी खूप, असं ऐकतो. वडील निवृत्तीला आलेत.

अनुभवाच्या दाखल्यावर किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाची सही चालते, पण प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा शेराही लागतो. मग मध्येच सिनियर बदलला तर दाखला कोणाचा घ्यायचा? रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) आपली हजेरी लागेल हे कसं पाहता?

शिवाय जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आलेत. जुनी कलमंही पाठ ठेवता का? सिव्हिल लाइन्सच्या कोर्टांत रोज उभे राहणाऱ्यांनी जरा सांगा भाऊ.