कोंड्याचा मांडा: काटकसर की कसब?

‘कोंड्याचा मांडा करणे’ म्हणजे काटकसरीने संसार करणे, असा अर्थ सांगून आपण मोकळे होतो. मला तो अपुरा वाटतो. मांडा कसा होतो हे डोळ्यांपुढे आणल्याशिवाय या वाक्प्रचाराची थोरवी कळत नाही. खानदेशात पुरणाच्या मांड्यासाठी गव्हाची अगदी बारीक कणीक चिवट होईपर्यंत मळतात, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवतात आणि पालथ्या खापरावर टाकतात. कणीक जरा ठिसूळ असली की मांडा हातावरच फाटतो. आता कोंडा घ्या. पीठ चाळल्यावर चाळणीत उरतो तो. त्याचा साधा गोळा धड वळत नाही, मग मांडा कुठला! जे होण्यासारखं नाही ते सुगरण करून दाखवते, हे या शब्दांत आहे. म्हणून ‘चिक्कू’, ‘कवडीचुंबक’ यांच्या शेजारी हा वाक्प्रचार ठेवू नये. चिक्कू माणूस मांडा परवडत असताना घरच्यांना कोंडा खायला घालतो. इथे नेमकं उलट घडतं.

(‘मनातले मांडे’ मधला मांडाही हाच. तिथे मात्र हात हलवायचे नसतात.)

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ बद्दल एक आग्रह. हल्ली ‘चादर पाहून’ असं ऐकू येतं, ते हिंदीच्या वळणावर गेलेलं आहे. अंथरूण अंगाखाली, पांघरूण अंगावर. हिंदी म्हणीत पाय पांघरुणाबाहेर उघडे पडतात. आपल्या म्हणीत ते वाकळ संपून गार भुईवर जातात. चित्र वेगळं आहे, ते जपायला हवं.

‘चाराण्याची कोंबडी, बाराण्याचा मसाला’ ही म्हण उधळपट्टीची हे सगळ्यांना माहीत. पण जुन्या रुपयाचे 16 आणे होते. कोंबडी आणि मसाला मिळून बरोबर बंदा रुपया जातो! 1957 साली दशमान नाणी आल्यानंतर वाढलेल्यांच्या कानाला ही बेरीज लागत नाही.

स्वावलंबनाच्या म्हणींत सगळा भार हातावर आहे. ‘आपला हात जगन्नाथ’ दोन अर्थांनी चालते: आपलं काम आपणच केलेलं बरं, हा एक, आणि वाढणारे आपणच, तेव्हा हवं तेवढं घ्या, हा दुसरा. लेखात ही म्हण वापरताना संदर्भ स्पष्ट ठेवावा, नाहीतर कौतुकाचा टोमणा होतो. ‘दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे’ मात्र कुठेही वापरा, त्यात कौतुकाला जागाच नाही.

माझी सर्वांत आवडती म्हण ‘हात फिरे तिथे लक्ष्मी शिरे’. हात फिरणं म्हणजे झाडणं, सारवणं, डबे पुसून धान्याला कीड लागली का ते बघणं. ज्या कामाची मजुरी कुणी मोजत नाही, त्या कामाला या म्हणीने लक्ष्मीच्या वाटेवर बसवलं आहे. काही घरांत ‘लक्ष्मी फिरे’ म्हणतात, काही ठिकाणी ‘लक्ष्मी वसे’. ‘शिरे’ मध्ये यमकही आहे आणि उंबरा ओलांडून आत येण्याची क्रियाही, म्हणून माझं मत त्या पाठाला. तुमच्याकडे कोणता पाठ बोलतात, तो गावाच्या किंवा तालुक्याच्या नावासह जरूर सांगा.