रोज एक नवल पाठवावं का?

पर्वती_पायरी:
रोज पहाटे पर्वती चढणारे आम्ही अकरा जण. आमच्या व्हॉट्सॲप गटावर दोन वर्षं मी रोज एक नवलाची गोष्ट टाकतोय. चित्र, गाणं, विज्ञान, अधूनमधून राजकारण. परवा गटातले एक काका म्हणाले, "पुरे आता, डोक्याचा भुगा होतो." मला ते लागलं.

गेल्या महिन्यात मी गंगाराम तांबटांनी १७९० मध्ये काढलेला गेंडा पाठवला होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातला, म्हणजे प्राणिसंग्रहातला. मूळ चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. शेजारच्या आजींना दाखवलं तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाशी नेला आणि विचारलं, "पुण्यात गेंडा? त्याला खायला काय घालत असतील?" हा प्रश्न कुणाला सुचावा म्हणूनच मी पाठवतो. यात चूक काय?

कोथरूडची_सून:
काकांचं बरोबर आहे. तुमचा गेंडा खरा, पण त्याच वाटेने खोटंही घरात शिरतं. दिवाळीच्या रात्री अंतराळातून काढलेला म्हणून फिरणारा रंगीबेरंगी भारताचा फोटो दरवर्षी येतो. तो एका रात्रीचा नाहीच. अमेरिकी शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकावर एक ठेवून तो तयार केला. पांढरे दिवे १९९२ च्या आधीचे, निळे १९९२ मध्ये दिसू लागलेले, हिरवे १९९८ मध्ये, लाल २००३ मध्ये. आपली शहरं कशी पसरली त्याचा तो नकाशा आहे. खरी गोष्ट खोटीपेक्षा कितीतरी सुरस, पण ती कुणी पाठवत नाही.

आणि राजकारण तर नकोच. इंग्रज अधिकारी मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ ला ब्रिटिश संसदेत म्हणे सांगितलं की भारतभर फिरलो, एक भिकारी दिसला नाही. त्या दिवशी तो कलकत्त्यात होता! शिक्षणावरचं त्याचं टिपण त्याच तारखेचं आहे.

षड्ज_पंचम:
माझी तक्रार वेगळी आहे. खरं असलं तरी रोज कशाला? केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अवकाशात गेली, हे सगळ्यांना पाठ आहे. खाली पन्नास जण "अभिमान वाटतो" लिहितात. गाणं किती जण लावतात? जेमतेम साडेतीन मिनिटांचं आहे. मागच्या रविवारी मी ते आठ वेळा ऐकलं. पाचव्या खेपेला बाई श्वास कुठे घेतात ते कळायला लागलं. दुसऱ्या दिवशी नवं नवल आलं की आदल्या दिवशीचं कोण ऐकणार?

वसतिगृह_खोली_१२:
षड्जताई, तुमच्या घरी तानपुरा असेल. मी धाराशिवहून इथे शिकायला आलो, आमच्या घरात शास्त्रीय गाणं कुणी लावलंच नाही. मला केसरबाई कळल्या त्या यानामुळे. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला आणि अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, बाई गेल्या. हे वाचलं आणि रात्री दीड वाजता ते गाणं लावलं. समजलं काहीच नाही. पण झोपही आली नाही.

असल्याच एका मेसेजमुळे विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडदला, तिथल्या रेडिओ दुर्बिणी बघायला गेलो. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी, आणि आजूबाजूला शेतं! कुणी पाठवलंच नसतं तर नारायणगाव माझ्यासाठी नाशिकच्या वाटेवरचं एक गाव राहिलं असतं. बंद करू नका हो, हात जोडतो.

पर्वती_पायरी:
कोथरूडताई, मेकॉलेचं ते वाक्य गेल्या वर्षी मीच टाकलं होतं. आज गटावर माफी मागितली. यापुढे मूळ कुठलं ते सापडल्याशिवाय काही टाकणार नाही. पण राजकारण सोडणार नाही. खोटं तिथेच जास्त पिकतं, मग खरं तिथेच पोचवायला हवं.

कोथरूडची_सून:
माफी मागितलीत हे फार बरं केलंत. राजकारणावर मात्र आपलं जमायचं नाही. त्या माफीखालीच आता भांडण लागेल, बघा.

षड्ज_पंचम:
खोली १२, त्या रात्रीबद्दल वाचून मी गप्पच झाले. तरीही रोज एक मला पटत नाही. पायरीदादा, आठवडाभर गेंडाच राहू दे. पुरालेखागारात पेशवे दप्तर आहे, आपल्यात मोडी वाचणारं कुणीतरी असेलच. आजींनी विचारलंय ना, त्याला खायला काय घालत होते?