सासऱ्यांना ‘मामा’ का म्हणायचं?

डोंबिवलीची_सून:
माहेर डोंबिवली, सासर बार्शीकडचं. लग्न ठरल्यापासून सगळे बजावतायत, सासूबाईंना आत्या म्हण, सासऱ्यांना मामा. आमच्याकडे सरळ आई-बाबा म्हणतात. आत्या एक वेळ जमतं, पण मामा? परवा नवऱ्याचे मामा जेवायला होते. “मामा, भाकरी वाढू?” विचारलं तर दोघांनीही ताटावर आडवा हात धरला! शिवाय कॉलेजात आम्ही हवालदाराला मामा म्हणायचो आणि गंडवलेल्यालाही ‘मामा बनवला’. या घराशी माझं लांबचंही नातं नाही, मग ही हाक आली कुठून?

माणदेशी_गडी:
नातं नाही, पण आहे असं धरून हाक मारायची. आमच्याकडं मामाची पोरगी करायची पद्धत जुनी, अजूनही मोडलेली नाही. आता पोरीच्या बाजूनं बघा. ती पडली आत्याच्या घरात, म्हणजे सासू सख्खी आत्या. आत्याचा नवरा कोण? मामा. पोराच्या बाजूनं बघितलं तर सासरा मामा, सासू मामी. कुठूनही धरा, सासरा मामाच! पुढं नात्याबाहेर लग्नं व्हायला लागली, हाका तेवढ्या राहिल्या.
उलटं मात्र सहसा चालत नाही हां. आत्याची पोरगी करत नाहीत. ज्या घरी लेक दिली, त्या घरची लेक आणायची नाही.
माझा मामा मला चारचौघांत “या जावईबापू” म्हणायचा आणि मामेबहीण आतून तांब्या फेकून मारायची. आता ती नाशकात असते, तांबे दाजींच्या वाट्याला.

पेठेतला:
हिशोब पटला, पण पुरता नाही. आम्ही कोकणस्थ. आमच्यात मामेबहिणीशी लग्न करत नाहीत, देशस्थांत चालतं. तरी माझी आजी सासऱ्यांना ‘मामंजी’च म्हणायची. मला वाटतं, लग्नाची रीत नाही घेतली तरी हाक शेजारपाजारहून घरात येते.

वकीलसाहेब:
थोडं कायद्याचं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात आते-मामे भावंडं निषिद्ध नात्यात येतात. दोन्हीकडे तशी रूढी असेल तरच लग्न चालतं. नुसतं मामा म्हणायला कलम लागत नाही.

डोंबिवलीची_सून:
@माणदेशी_गडी, तांब्या :D
पण मग नवऱ्याच्या मामांना काय म्हणू? त्यांच्या तोंडावर “मामेसासरे” कसं म्हणणार?

माणदेशी_गडी:
घरातला तो नुसता मामा. बाहेरच्याला गाव लावायचं, कुर्डुवाडीचे मामा, करमाळ्याचे मामा. एकाच गावचे दोन निघाले तर धंदा लावा. आमच्यात एक ‘एसटीतले मामा’ आहेत. रिटायर होऊन जमाना झाला, पण लग्नपत्रिकेवर नाव टाकलं तर निम्म्या पाहुण्यांना कळणार नाही कोण ते.