किड्यांचे क्लोजअप: किट लेन्सवर सुरुवात करायची तर आधी काय घ्यावं?

कढीपत्ता_सातारा
नमस्कार मंडळी, माझ्याकडे कॅनन ७००डी आहे आणि त्याच्यासोबत आलेल्या दोन लेन्स, १८-५५ आणि ५५-२५०. परसातल्या किड्यांचं सध्या भयंकर वेड लागलंय. जास्वंदीवर ते लाल-काळे किडे पाठीला पाठ लावून फिरत असतात, कढीपत्त्यावर सुरवंट आहेत, तुळशीवर इवल्या माश्या येतात. फुलपाखरं ५५-२५० ने बरी येतात, पण मुंगी किंवा छोटा उडी मारणारा कोळी काढायचा म्हटलं तर फ्रेममध्ये नुसता ठिपका दिसतो. मॅक्रो लेन्स इतक्यात परवडणार नाही. रिव्हर्स रिंग, एक्स्टेन्शन ट्यूब, रेनॉक्स अशी नावं ऐकलीत, यातलं आधी काय घेऊ? आणि फ्लॅश मारला की पाठीवर पांढरा चट्टा पडतो, नाही मारला तर हललेला फोटो येतो, त्याचं काय करायचं?

चतुर_टाचणी
दोन्ही लेन्स आहेत ना, मग काम झालंच. रिव्हर्स रिंग सगळ्यात स्वस्त, तुमच्या १८-५५ ला ५८ मिमीची बसेल. लेन्स उलटी लावायची, ५५ वर कमी मोठं दिसतं आणि १८ कडे जाल तसं मोठं मोठं होत जातं, लोकांना हे उलटं वाटतं म्हणून आधीच सांगतोय. अडचण एवढीच की उलटी लावल्यावर कॅमेऱ्याचा लेन्सशी संबंध तुटतो, त्यामुळे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, एफ पुढचा आकडा मोठा तितकं ते लहान) बदलता येत नाही. त्यावर कॅननवाल्यांचा जुना उपाय असा की लेन्स सुलटी असताना एफ/८ ठेवा, डेप्थ ऑफ फील्ड (फोटोत शार्प दिसणारी खोली) प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरा आणि दाबलेलं असतानाच लेन्स काढा, पाती तशीच मिटलेली राहतात. व्ह्यूफाइंडरमध्ये अंधारलेलं दिसेल, एक छोटा टॉर्च जवळ ठेवा.

पण खरं सांगू का, तुमच्या जागी मी असतो तर रेनॉक्स डीसीआर-२५० ही लेन्सपुढे लावायची भिंगाची जोड घेतली असती. ही ५५-२५० च्या तोंडावर क्लिपसारखी बसते, अ‍ॅपर्चर वगैरे सगळं चालू राहतं, आणि २५० वर साधारण दुप्पट, म्हणजे टू इज टू वनच्या (सेन्सरवर किडा खऱ्याच्या दुप्पट) आसपास मिळतं. किड्यापासून दहा-बारा सेंटीमीटर लांब राहता येतं हा मोठा फायदा, रिव्हर्स लेन्सला त्याच्या अगदी अंगावर जावं लागतं आणि माशी तोवर गेलेली असते. एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, वाईट नाही पण ५५-२५० ला तिचा फार उपयोग होत नाही, ती ५० मिमीच्या लेन्सला शोभते.

एफ/१६, एफ/२२ च्या मागे लागू नका. वन इज टू वनला एफ/८ म्हणजे प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं, त्याच्या पुढे डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्याने) सगळा फोटो मऊ पडतो. डेप्थ जेमतेम मिलिमीटरभर मिळणार हे धरूनच चाला आणि ती डोळ्यावर खर्च करा.

उजेडवाली
दादांनी लेन्सचं सांगितलंच आहे, पण माझं स्पष्ट मत आहे की रिंग घ्या नाहीतर रेनॉक्स घ्या, फोटो चांगला होतो तो डिफ्युझरमुळे, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरून मऊ करणाऱ्या पडद्यामुळे. लोक लेन्सवर वीस-पंचवीस हजार घालतात आणि फ्लॅश उघडाच मारतात, मग भुंग्याच्या पाठीवर तो पांढरा चट्टा येणारच, कारण त्याची पाठ गुळगुळीत असते आणि समोरचा दिवा जसाच्या तसा तिच्यात दिसतो. दिवा मोठा आणि जवळ केला की चट्टा पसरून मऊ होतो, एवढंच त्याचं शास्त्र.

चिप्सचा गोल डबा येतो ना, त्याला आतून चकचकीत अस्तर असतंच, तो तळ कापून पॉप-अप फ्लॅशवर आडवा बसवायचा म्हणजे उजेड थेट लेन्सच्या टोकापर्यंत येतो, नाहीतर लेन्सचीच सावली किड्यावर पडते. पुढच्या तोंडाला टीव्ही-मिक्सरच्या पॅकिंगमध्ये येतो तो पातळ पांढरा फोम, त्याचा तळहाताएवढा तुकडा जरा पुढे वाकवून लावायचा, किड्याच्या डोक्यावर छप्पर आल्यासारखा. फोम दुहेरी केला तर आणखी छान.

सेटिंग म्हणाल तर मॅन्युअल मोड, शटर १/२००, आयएसओ २०० ते ४००, फ्लॅशसुद्धा मॅन्युअलवर, १/८ पासून सुरू करून वरखाली करा. कमी पॉवरवर फ्लॅश इतक्या थोड्या वेळासाठी पेटतो की हाताचा कंप गोठून जातो, ट्रायपॉडची गरजच पडत नाही. मागचं काळं येऊ नये म्हणून किड्याच्या मागे जवळच एखादं पान असेल असा कोन शोधा. आणि फोकसची रिंग फिरवत बसू नका, ऑटोफोकस बंद करून आपणच मागेपुढे डोलायचं, डोळा शार्प दिसला की क्लिक.

रात्रपाळी
तुमच्याकडे कढीपत्ता आहे म्हणजे खजिना आहे. त्यावरचा सुरवंट बहुतेक कॉमन मॉर्मन किंवा लाइम बटरफ्लायचा असेल. लहान असतो तेव्हा हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखा, काळपट-पांढरा, आणि शेवटच्या टप्प्यात कात टाकली की एकदम हिरवा. त्या हिरव्याच्या पाठीवर पुढे दोन मोठे डोळे दिसतात, ते नुसते ठिपके आहेत बरं का, शत्रूला घाबरवायला. खरे डोळे खाली डोक्यावर बारीक टिंबांसारखे, दोन्ही बाजूंना सहा-सहा, फोकस तिथे करून बघा, फोटो वेगळाच दिसतो. घराजवळ लिंबू किंवा माकडलिंबू असेल तर तिथेही पानं उलटून बघत जा, नीलवंत म्हणजे आपलं ब्लू मॉर्मन, २०१५ साली राज्य फुलपाखरू झालं ते, याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं.

दुसरं, दुपारी किड्यांच्या मागे धावू नका. उन्हं चढायच्या आत जा, गारठ्याने ते सुस्त असतात, टाचण्यांच्या (चतुरांसारख्या पण बारीक किड्यांच्या) पंखांवर दव असतं. किंवा दिवेलागणीनंतर जा. निळ्या पट्ट्यांच्या रानमधमाश्या असतात, त्यांचे नर संध्याकाळी वाळक्या काडीला नुसत्या जबड्याने चावा घेऊन धरतात आणि पाय पोटाशी घेऊन तसेच आडवे लटकून झोपतात, एकाच काडीवर ओळीने पाच-सहा. एकदा काडी सापडली की पुढचे काही दिवस बहुतेक तिथेच येतात. हळू गेलात तर भरपूर वेळ मिळतो.

कढीपत्ता_सातारा
किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार! सुरवंटाचे खरे डोळे वेगळे असतात हे माहीतच नव्हतं. एक विचारायचं राहिलं, एका ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं की किडा डबीत घालून थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवला की शांत बसतो. असं करतात का?

रात्रपाळी
करतात काही जण, तुम्ही करू नका. थंडीने बधिर झालेला किडा मरूही शकतो, आणि फोटोतही ते कळतं, पाय आखडलेले, मिशा पडलेल्या. जाणकार माणूस पाहताक्षणी ओळखतो. सुरवंटाला काडीने डिवचून डोक्यामागची ती लाल-नारिंगी शिंगं बाहेर काढायला लावणं पण तसलंच, तो घाबरला म्हणून वास सोडतोय, आपल्या फोटोसाठी का त्याला त्रास? पान तोडून उन्हात आणू नका, आपण पानाजवळ जायचं.

उजेडवाली
अगदी बरोबर. आणि जिवंत, आपल्या कामात असलेला किडाच बघायला छान वाटतो, मुंगी माव्याला (झाडाचा रस पिणाऱ्या इवल्या किड्याला) मिशांनी थोपटून गोड थेंब घेते ते एकदा टिपून बघा.

चतुर_टाचणी
अजून एक, साताऱ्याचा पाऊस लक्षात घेता कॅमेरा बॅगेत कोंडून ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, रंग बदलणारं मिळतं ते घ्या म्हणजे कधी तापवून वाळवायचं ते कळतं. रेनॉक्स आली की जास्वंदीवरच्या त्या लाल-काळ्यांपासून सुरू करा. ते कपाशी-भेंडीवरचेच किडे, जोडीत असले की फारसे उडत नाहीत, सरावाला उत्तम. फोटो इथेच टाका, सेटिंगसकट.